हरवलेली नाडी

आजारी माणसाच्या उशाशी बसून वैद्याने मनगटावर तीन बोटे ठेवावीत, डोळे मिटावेत आणि घरातल्या साऱ्यांनी श्वास रोखून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे, हे दृश्य जुन्या कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून आपण इतक्या वेळा पाहिले आहे की, नाडी म्हणजेच जीव हे समीकरण मनात पक्के बसले आहे. नाडी लागली तर आशा, न लागली तर सारे संपले. परंतु वैद्यकशास्त्राला असाही एक आजार ठाऊक आहे, ज्यात रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतो, समोर बसून आपले गाऱ्हाणे सांगतो आणि डॉक्टर त्याच्या मनगटावर बोटे ठेवतात तेव्हा तेथे नाडीच नसते.

बहुतेक वेळा हा रुग्ण म्हणजे पंधरा ते तीस या वयातील एखादी तरुणी असते. कित्येक महिने तिला बारीक ताप येत असतो, वजन उतरलेले असते, काम करताना हात भरून येतात, मधूनच घेरी येते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. शेजारीपाजारी म्हणतात, रक्त कमी असेल. कुणी टॉनिक सुचवते, तर कुणी परीक्षेचा किंवा सासरचा ताण असेल असे निदानही करून टाकते. वास्तविक तिच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच तिच्या महाधमनीवर आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांवर उलटलेली असते. या आजाराचे नाव ताकायासु आर्टरायटिस. भारतात त्याला एऑर्टो-आर्टरायटिस असेही म्हणतात.

नाव जपानी आहे आणि त्यामागची हकिगत मोठी मनोरंजक आहे. मिकितो ताकायासु (१८६०–१९३८) हे हृदयाचे किंवा मेंदूचे डॉक्टर नव्हते. जपानमधील कानाझावा येथे ते नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९०५ साली जपानच्या नेत्रतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत त्यांनी एका २१ वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांची माहिती सादर केली. तिची दृष्टी मंदावत चालली होती. दृष्टीची नस जेथून डोळ्यात शिरते त्या जागेभोवती बारीक रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचे कडे तयार झाले होते, जणू कुणी तेथे गजरा गुंफून ठेवला होता. ताकायासु यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे मांडले. त्यांच्या रुग्णाच्या मनगटाविषयी त्या टिपणात काही नव्हते.

खरी गंमत घडली ती त्यानंतरच्या चर्चेत. सभेला ओनिशी आणि कागोशिमा या नावांचे दोन डॉक्टर उपस्थित होते. डोळ्यांत असेच बदल झालेले रुग्ण आपल्याही पाहण्यात आहेत आणि त्यांच्या मनगटाची नाडी लागत नाही, असे त्या दोघांनी सांगितले. डोळ्याचा मनगटाशी काय संबंध, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाही सुटला नाही. ताकायासु यांचे टिपण १९०८ साली छापून आले.

तसे पाहिले तर हा आजार त्यापूर्वीही माणसांना होतच होता. जपानमध्येच १८३० साली रोकुशु यामामोतो या पारंपरिक पद्धतीने चिकित्सा करणाऱ्या वैद्यांनी ४५ वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत लिहून ठेवली होती. आधी दीर्घकाळ ताप, मग एका हाताची नाडी नाहीशी, दुसऱ्या हाताची क्षीण, पुढे गळ्याचीही लागेनाशी झाली आणि सुमारे अकरा वर्षांनी त्याचा अचानक मृत्यू झाला. नाडीवर हात ठेवूनच रोग ओळखणाऱ्या परंपरेतील वैद्याला ही नोंद करावीशी वाटली, यात नवल नाही. लंडनमध्ये विल्यम सॅव्हरी या शल्यचिकित्सकांनी १८५६ साली एका २२ वर्षांच्या तरुणीची माहिती प्रसिद्ध केली. तिच्या दोन्ही हातांच्या आणि मानेच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमन्या पूर्णपणे बुजलेल्या आढळल्या होत्या. पण या नोंदी सुट्या राहिल्या. त्यांना एका धाग्यात ओवणारे कुणी नव्हते.

एकाच खोडाच्या फांद्या

डोळा, मनगट आणि मेंदू यांचे नाते समजून घ्यायचे तर हृदयापाशी जावे लागते. हृदयातून निघणारी महाधमनी आधी वर चढते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून पोटाकडे उतरते. या कमानीतून तीन मोठ्या शाखा फुटतात. त्यांतूनच दोन्ही हातांना आणि डोक्याला रक्त मिळते. मेंदूकडे जाणारे मुख्य मार्ग चार. गळ्याच्या दोन बाजूंनी वर जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या हे त्यांतले दोन. उरलेले दोन मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून वर चढतात. मणक्यांतून जाणाऱ्या या दोन धमन्या ज्या सबक्लेव्हियन धमन्यांतून निघतात, त्याच पुढे दंडात आणि मनगटात उतरतात. म्हणजे मनगटाची नाडी आणि मेंदूचा मागचा भाग यांचे रक्त एकाच नळातून येते. डोळ्याला रक्त पोहोचते ते कॅरोटिड धमनीच्या शाखेतून. खोडापाशी कीड लागली की फांद्या वेगवेगळ्या दिशांना सुकतात आणि पाहणाऱ्याला त्या वेगवेगळ्या झाडांच्या वाटतात.

ही कीड बाहेरून येत नाही. ऑटोइम्यून म्हणून जे आजार ओळखले जातात, त्यांत जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पेशी आपल्याच शरीराच्या एखाद्या भागाला परके समजू लागतात. ताकायासु आजारात त्यांचा रोख मोठ्या धमन्यांच्या भिंतीवर असतो. धमनीची भिंत तीन थरांची असते आणि तिचे स्वतःचे पोषण करणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या बाहेरच्या थरात असतात. रोगप्रतिकारक पेशी तेथून आत शिरतात, भिंतीत दाह निर्माण करतात आणि त्याला उत्तर म्हणून आतला थर जाड होत जातो. आतील पोकळी अरुंद होते, काही ठिकाणी पूर्ण बंद पडते. क्वचित उलटही घडते. मधला थर कुरतडला जाऊन धमनी फुग्यासारखी फुगते. असे का होते याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. एचएलए-बी ५२ नावाचा आनुवंशिक घटक ज्यांच्यात असतो त्यांना धोका अधिक, हे मात्र जपानमध्ये आणि भारतातही दिसून आले आहे. अर्थात हा घटक असलेल्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

धमनी एका दिवसात बुजत नाही. महिने, कधी वर्षे जातात. तेवढ्या अवधीत शरीर पर्यायी वाटा काढते. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वळसा घालून रक्त पुढे नेतात. म्हणूनच नाडी हरवलेला हात काळानिळा पडत नाही. तो बोटे हलवतो, सही करतो, स्वयंपाक करतो. फक्त लवकर थकतो. आजार लपून राहतो तो शरीराच्या या सोशिकपणामुळेच.

परंतु या पर्यायी वाटांची किंमत कधी कधी मेंदूला मोजावी लागते. समजा, डाव्या हाताकडे जाणारी धमनी उगमाजवळच अरुंद झाली आहे. ती तरुणी दोरीवर कपडे वाळत घालू लागते किंवा हात वर करून वेणी घालते. हाताच्या स्नायूंना अधिक रक्त हवे असते आणि वरून ते पुरेसे येत नाही. अशा वेळी मणक्यांतून मेंदूकडे चढणारी धमनी उलटी वाहू लागते आणि मेंदूच्या वाट्याचे रक्त हातात उतरते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, एका शाखेत रोकड कमी पडली म्हणून ती दुसऱ्या शाखेतून मागवली, पण दुसरी शाखा म्हणजे प्रत्यक्ष मुख्य कार्यालयच निघाले! डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, क्षणभर एकाचे दोन दिसतात. डॉक्टर या प्रकाराला रक्ताची चोरी म्हणतात. हात खाली घेतला की सारे पूर्ववत होते आणि भोवळ उन्हामुळे आली असेल म्हणून विषय मिटतो.

मेंदूच्या अंगाने या आजाराचा पहिला सविस्तर विचार केला तो केंतारो शिमिझु आणि केइजी सानो या जपानी शल्यचिकित्सकांनी. सानो पुढे मेंदूशस्त्रक्रियेच्या क्षेत्रात जगभर नावाजले गेले. १९५१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या लेखात या दोघांनी त्याला ‘नाडीरहित आजार’ असे नाव दिले आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या: हातांची नाडी न लागणे, दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांचे ते विशिष्ट कडे आणि गळ्यातील कॅरोटिड धमनीपाशी असलेल्या संवेदनकेंद्राची अतिरिक्त प्रतिक्रिया. या तिसऱ्या खुणेमुळे मान वर उचलताच हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब घसरतो आणि रुग्ण मूर्च्छित होतो. काही रुग्ण त्यामुळे नकळत मान खाली घालूनच वावरू लागतात. वाकून चालणाऱ्या तरुण मुलीला घरातून काय काय ऐकावे लागत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ओनिशी आणि कागोशिमा यांनी १९०५ साली उपस्थित केलेल्या कोड्याचे उत्तर असे जवळपास अर्ध्या शतकानंतर हाती आले.

परळच्या इस्पितळातले काम

आजार जपानमध्ये नावारूपाला आला असला, तरी तो जपानपुरता कधीच नव्हता. आशिया खंडात, त्यातही आपल्याकडे, त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. पाश्चात्त्य देशांत तो फार विरळ आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यातील पाहणीत वर्षाला दर दहा लाखांमागे २.६ नवे रुग्ण असे प्रमाण निघाले होते.

महाराष्ट्रातील वाचकांना अभिमान वाटावा असे काम मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात झाले. १९६८ साली भारतातील पहिले हृदयरोपण करणारे शल्यचिकित्सक म्हणून डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अनेकांना ठाऊक असेल. परंतु त्याआधीपासून ते आणि त्यांचे सहकारी महाधमनीच्या या विचित्र आजाराचा पाठपुरावा करीत होते. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किणरे आणि शल्यचिकित्सक डॉ. जी. बी. परुळकर हे त्यांचे सहकारी. महाधमनीचा मधला भागच आवळला जाण्याच्या प्रकाराविषयी त्यांचा लेख १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात आला आणि १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. शवविच्छेदनाच्या मेजावर एकेक धमनी उकलून पाहण्याचे हे काम. त्याला ना टाळ्या मिळतात, ना वर्तमानपत्रांचे रकाने. हृदयरोपणाची बातमी सर्वत्र पोहोचली, या ग्रंथाचे नाव मात्र डॉक्टरांखेरीज फारसे कुणी ऐकले नाही.

भारतातील रुग्णांची एक वेगळी तऱ्हा या आणि नंतरच्या अभ्यासांतून समोर आली. जपानमध्ये आजाराचा भर महाधमनीच्या कमानीवर आणि मानेकडे जाणाऱ्या शाखांवर असतो, तर भारतात पोटातील महाधमनी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या अधिक प्रमाणात सापडतात. जपानमध्ये दहापैकी जवळजवळ नऊ रुग्ण स्त्रिया असतात. भारतात पुरुषांचा वाटा त्या मानाने बराच जास्त आहे. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की त्याला वाटते, साऱ्या शरीरातच दाब कमी झाला आहे. मग ते असे रसायन सोडते की रक्तदाब चढतच जातो. म्हणून तरुण वयात, विशेषतः तिशीच्या आत, कुणाचा रक्तदाब फार वाढलेला आढळला तर केवळ गोळी सुरू करून थांबू नये, त्याचे मूळ शोधावे, असे तज्ज्ञ आवर्जून सांगतात.

येथे या आजाराचा सर्वांत घातक डाव लक्षात येतो. रक्तदाब आपण मोजतो दंडावर. ज्या रुग्णाच्या दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, त्याच्या दंडावरील पट्टा कमी आकडा दाखवतो किंवा दाखवतच नाही. घरच्यांना वाटते, दाब कमी आहे, मीठ-साखरेचे पाणी द्या. प्रत्यक्षात महाधमनीतील दाब धोकादायक पातळीवर पोहोचलेला असू शकतो आणि हृदय त्याच्याशी रात्रंदिवस झुंजत असते. मेंदूकडे जाणारी एखादी वाट मोकळी राहिली असेल तर तो सारा दाब तिच्यातून वर जातो. अशा रुग्णाचा खरा दाब कळतो तो पायाला पट्टा बांधल्यावर. पायांच्या वाटाही अरुंद असतील तर तोही आकडा फसवतो आणि मग धमनीत नळी घालून आतला दाब मोजण्याखेरीज गत्यंतर नसते. वहीत शिल्लक एक आणि तिजोरीत भलतेच, हा प्रकार बँकेतील माणसांना नवा नाही. अशा वेळी तिजोरी उघडून प्रत्यक्ष मोजदाद करावी लागते, तसेच हे.

निदानाची वाट

निदानाला उशीर होतो, हे या आजाराचे खरे दुखणे. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेने १९९४ साली ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंतचा त्यातील मध्यम अवधी दहा महिन्यांचा होता. सर्व साधने हाताशी असलेल्या देशातील ही स्थिती. शिवाय त्या रुग्णांपैकी केवळ एक तृतीयांश जणांनाच सुरुवातीला ताप, वजन घटणे अशी सर्वसाधारण लक्षणे होती.

आपल्याकडे क्षयरोगामुळे गुंतागुंत आणखी वाढते. संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम हे सारे ऐकले की कोणत्याही भारतीय डॉक्टरच्या मनात आधी क्षयाचा विचार येतो आणि तो येणे योग्यही आहे. या आजाराचा क्षयाशी काही संबंध असावा, अशी शंका के.ई.एम.च्या अभ्यासकांपासून अनेकांनी व्यक्त केली आहे. परंतु ज्या देशात क्षय घरोघरी पोहोचलेला आहे, तेथे दोन आजार एकाच माणसात दिसले म्हणजे एकामुळे दुसरा झाला असे म्हणता येत नाही, आणि कार्यकारणभाव आजवर सिद्ध झालेला नाही. मात्र क्षयाचे औषध पूर्ण घेऊनही ताप हटत नसेल, रक्तातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या चाचण्या चढ्याच राहत असतील आणि हात किंवा मान दुखत असेल, तर मनगटाकडे वळायला हवे.

त्यासाठी खर्च काहीच नाही. दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी चाचपायची. दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजायचा. गळ्याच्या दोन बाजूंना, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचे. अरुंद धमनीतून जाणारे रक्त खळखळ आवाज करते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० साली जे सहा निकष ठरवले, त्यांतले एक वयाचे आणि एक अँजिओग्राफीचे. बाकीचे चार म्हणजे काम करताना हातापायांत येणारा थकवा आणि वेदना, दंडातील क्षीण नाडी, दोन्ही हातांच्या रक्तदाबात दहा अंशांहून अधिक फरक आणि धमनीवरील तो आवाज. म्हणजे सहापैकी चार गोष्टी विचारपूस, बोटे, पट्टा आणि स्टेथोस्कोप एवढ्यावर भागतात. २०२२ साली नवे निकष आले आणि त्यांत धमन्यांची चित्रे आवश्यक ठरली, तरी नाडी, आवाज आणि दोन हातांतील फरक यांचे स्थान कायम राहिले. दोन हातांत असा फरक उतारवयात इतर कारणांनीही पडतो. तो दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण विशी-तिशीत तो दिसला तर त्याकडे काणाडोळाही करू नये. कार्यालयांतून होणाऱ्या वार्षिक आरोग्य तपासणीत घाईघाईने एकाच दंडाला पट्टा बांधून कर्मचाऱ्याला पुढे पाठवले जाते. दुसरा दंड पुढे करायला फार तर दोन मिनिटे लागतील.

शंका बळावली की पुढच्या तपासण्या आज अनेक शहरांत उपलब्ध आहेत. गळ्याच्या सोनोग्राफीत धमनीची भिंत सर्व बाजूंनी सारखी जाड झालेली दिसते. तिला जपानी डॉक्टरांनी १९९१ साली ‘मॅकरोनीची खूण’ असे नाव दिले, कारण ती त्या पोकळ शेवयांसारखी दिसते. सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीत महाधमनीचा संपूर्ण नकाशा मिळतो. पेट स्कॅनमध्ये भिंतीतील धगधगता दाह प्रकाशमान होऊन दिसतो. चुकूनमाकून या आजाराकडे दुर्लक्ष झाले तर काय होते? वेगवेगळ्या अभ्यासांनुसार दहा ते वीस टक्के रुग्णांच्या मेंदूला रक्तपुरवठ्याअभावी इजा होते. पक्षाघात हा साठीनंतरचा आजार, अशी आपली समजूत. या रुग्णांत तो पंचविशीत येतो. एका बाजूचे हातपाय लुळे पडतात, वाचा जाते, दृष्टी अधू होते, आणि पहिले निदान अतिदक्षता विभागात होते.

उपचार आहेत आणि ते बऱ्यापैकी परिणामकारकही आहेत. दाह शमवण्यासाठी आधी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे मोठ्या मात्रेत दिली जातात आणि हळूहळू उतरवली जातात. केवळ त्यांवर विसंबता येत नाही. मात्रा उतरवताना आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट यांपैकी एखादे औषध जोडीला असते. या वर्गातील औषधे रोगप्रतिकारशक्तीला आवर घालत असल्याने ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षय आहे का, हे तपासून घेतले जाते. क्षय येथे पुन्हा एकदा वाट अडवतो तो असा. अलीकडे टोसिलिझुमॅबसारखी जैविक औषधेही वापरात आली. जपानने २०१७ साली ताकायासु आजारासाठी त्याला मान्यता दिली. ती महाग आहेत, हे वेगळे सांगायला नको.

स्टेरॉइडच्या नावाला आपल्याकडे मोठे भय आहे. चेहरा सुजतो, वजन वाढते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, हे खरेच आहे. लग्नाच्या वयाच्या मुलीला आरशात स्वतःचा बदललेला चेहरा पाहवत नाही आणि बरे वाटू लागताच गोळ्या बंद करण्याकडे घरच्यांचाही कल होतो. हा मोह सर्वांत घातक. कारण बरे वाटणे आणि दाह थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी अभ्यासात ज्यांचा आजार शांत झाला असे डॉक्टरांनाही वाटत होते, त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या धमनीच्या तुकड्यांपैकी ४४ टक्क्यांत दाह चालूच असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ईएसआरचा आकडा उतरला म्हणून निर्धास्त होता येत नाही ते याचमुळे.

बुजलेली धमनी फुग्याने रुंद करता येते, तिच्यात जाळीची नळी बसवता येते किंवा वळसा घालणारा नवा मार्ग शिवता येतो. मूत्रपिंडाची धमनी मोकळी केल्याने रक्तदाब आटोक्यात आल्याची उदाहरणे भारतात भरपूर आहेत. मात्र दाह पेटलेला असताना हात घातला तर मोकळी केलेली वाट पुन्हा बंद होते. आधी आग विझवायची, मग पूल बांधायचा, असा क्रम शक्यतो पाळला जातो. योग्य देखरेखीखाली या स्त्रियांची बाळंतपणेही सुखरूप होतात. फक्त गर्भधारणेपूर्वी आजार शांत असावा लागतो, मेथोट्रेक्सेटसारखी गर्भाला अपायकारक औषधे आधी बदलावी लागतात आणि रक्तदाब योग्य त्या हाताला वा पायाला मोजावा लागतो. जपानमधील १२० रुग्णांच्या पाहणीत पंधरा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात असल्याचे १९९४ साली नोंदवले गेले. औषधे तेव्हापेक्षा आज अधिक आहेत.

औषधोपचार चालू असताना आजार किती जागा आहे, हे दर भेटीला ठरवावे लागते. लखनौ, वेल्लोर आणि अन्य ठिकाणच्या भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन त्यासाठी एक गुणपत्रिका तयार केली. ‘इटास २०१०’ या नावाने ती २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि आता परदेशांतही वापरली जाते. तीत एकूण ४४ बाबी आहेत, त्यांपैकी ३३ हृदय आणि रक्तवाहिन्यांविषयीच्या. ती भरायला स्कॅन लागत नाही. तीन-तीन महिन्यांनी येणाऱ्या रुग्णाला समोर बसवून डॉक्टर आधी गळ्यावर, मग दंडावर, मग दोन्ही मनगटांवर, मांडीच्या सांध्यात आणि पावलापाशी बोटे ठेवतात, आणि गेल्या खेपेपासून एखादी नाडी नव्याने हरवली आहे का, दोन बाजूंची नाडी सारखी लागते का, हे त्या कागदावर लिहितात. वेळेवर औषध सुरू झालेल्या काही रुग्णांत मंदावलेली नाडी पुन्हा बोटांना जाणवू लागल्याच्याही नोंदी आहेत.